तिचं पान पालथं ठेव

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला आणि फोनवरनं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. असल्या गोष्टीला दोन ओळी पुरत नाहीत. म्हणून कागदावर लिहितोय. वखारीत गिऱ्हाईक नसेल तेव्हा सावकाश वाच.

तू मागितलंस ते सरळ आहे. ‘तुझ्याकडे टॅरोची पानं, म्हणजे भविष्य बघायचे ते चित्रांचे पत्ते आहेत, तुला त्यातलं कळतंय, एकदा माझ्या नावानं लाव आणि तिच्या मनात काय आहे ते सांग.’ ती हल्ली नीट बोलत नाही, फोन उचलला तरी ‘आमेले माताडतीनि’, म्हणजे ‘नंतर बोलते’, म्हणून ठेवून देते, आणि तू निपाणीत बसून त्या ‘नंतर’ची वाट बघतोयस. तुझी रात्रीची झोप गेलीय हे अक्षराअक्षरांतनं दिसतंय. तरीही मी तिच्या मनाची पानं लावणार नाही. का, ते सांगतो.

आधी त्या ऑनलाइन रीडिंग करणाऱ्या बाईंचं बघू. त्यांनी सांगितलेलं ‘तंतोतंत जुळलं’ असं तू लिहिलंयस. काय जुळलं ते परत वाच की गा. ती भावना चटकन दाखवत नाही. घरच्यांचं दडपण आहे. जुनी एक जखम अजून भरलेली नाही. तुझ्यावर जीव आहे, पण भीती वाटते. चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंत लग्नाच्या वयाच्या कुठल्या मुलीला हे लागू पडणार नाही, सांग. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात ‘हे तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. मुलांनी त्या वर्णनाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग त्यानं उलगडा केला. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातनं उचललेला होता. जुळवून घेण्याचं काम आपलं मन करतं, आणि दुखावलेलं मन ते फार झपाट्यानं करतं.

‘तिन्ही वेळा प्रेमाचं पान निघालं’ हेही तू मोठ्या आशेनं लिहिलंयस. गणित सांगतो. टॅरोची पानं ७८. त्यातली पेल्यांची, म्हणजे प्रेमाची आणि भावनांची मानतात ती, १४. तीन पानं ओढली तर त्यात निदान एक पेल्याचं पान यायची शक्यता १०० मध्ये सुमारे ४५ आहे. त्यात ‘प्रेमी’ हे मोठं पान धर, सम्राज्ञी धर, आणि प्रत्येक पानाचा अर्थ थोडा प्रेमाकडे वळवणारी माणसं धर. प्रेम निघालं नाही असा डाव सापडणंच अवघड.

आणि ‘तिसऱ्या व्यक्तीची सावली’ काढायला त्यांनी जे वेगळे पैसे मागितलेत ते देऊ नकोस. पानं वाचणाऱ्याचं काम पानापाशी संपतं. आधी भीती दाखवायची आणि मग त्याच भीतीवर उतारा विकायचा, हा धंदा टॅरोच्या आधीपासून आहे.

एवढं माहीत असून तू ही पानं का बाळगतोस, असं तू विचारशील. मला ती मनापासून आवडतात, आणि माणसांच्या उपयोगी पडताना मी ती बघितली आहेत.

ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे असं तुला सांगितलं गेलं. तसं नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले. बावीस चित्रांच्या मोठ्या पानांपैकी एकवीस म्हणजे त्या खेळातले कायमचे हुकूम, आणि बाविसावा ‘मूर्ख’ वेगळा. इजिप्तचं नाव त्याला १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं चिकटवलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ साली. आंबोली घाट उतरलास की सावंतवाडीची गंजिफा आहेच ना, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, अशी १२० गोल पानं, हातानं रंगवलेली. त्यांवर साक्षात देव आहेत, आणि तरी तो खेळच.

टॅरो बोलका झाला तो १९०९ मध्ये. लंडनच्या रायडर कंपनीनं एक नवा जोड काढला. त्याची मांडणी वेट या गृहस्थांची, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्याआधीच्या बहुतेक जोडांत आकड्यांच्या लहान पानांवर नुसती चिन्हं असायची. तीन पेले म्हणजे तीन पेलेच. पामेलाबाईंनी त्यातल्या बहुतेक पानांत माणसं आणली, प्रसंग आणले. सांडलेल्या तीन पेल्यांपुढे मान खाली घालून उभा असलेला काळ्या झग्यातला माणूस, ज्याच्या पाठीशी दोन पेले अजून उभे आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून छातीशी दोन तलवारी धरलेली बाई, मागे समुद्र. तलवारी पळवून नेणारा आणि दोन मागेच सोडून जाणारा तो चोरटा. जगभर तो जोड ‘रायडर-वेट’ म्हणून विकला गेला आणि चित्रं काढणारीचं नाव त्याला लोक फार उशिरा जोडायला लागले. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसं बोलती होतात ती तिच्या चित्रांपुढे. स्वतःविषयी जे तोंडातून निघत नाही, ते चित्रातल्या परक्या माणसाविषयी बोलताना सहज निघून जातं.

गेल्या पावसाळ्यात वडगावचा एक मित्र, लग्न ठरलेला, होणाऱ्या बायकोला घेऊन आमच्याकडे आला होता. हा मराठी, ती धारवाडकडची कन्नड. उद्यमबागेत माझ्याच शेडमध्ये तो काम करतो. दोघांत काहीतरी अडलं होतं, पण काय ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. मी पानं पिसून दोघांसमोर ठेवली आणि एकच ओढायला सांगितलं. चार पेल्यांचं पान निघालं. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, पुढ्यात तीन पेले, आणि ढगातनं एक हात चौथा पेला पुढे करतोय. मी अर्थ सांगितला नाही. ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारलं.

तो म्हणाला, ‘आडमुठा आहे हा. एवढं कुणी देतंय आणि हा बघायलाही तयार नाही.’

ती बराच वेळ बघत राहिली. मग आधी कन्नडमध्ये आणि नंतर त्याच्यासाठी मोडक्या मराठीत म्हणाली, ‘त्याला कुणी विचारलंच नाही, पेला पाहिजे काय म्हणून. नुसतं देतायत.’

पुढचा तासभर त्या पानाकडे कुणी बघितलं नाही. लग्नानंतर तिनं बेळगावला यायचं, नोकरी सोडायची, त्याच्या आईकडनं मराठी शिकायची, हे सगळं त्याच्या घरच्यांनी मोठ्या प्रेमानं ठरवून टाकलं होतं. ती नाही म्हणत नव्हती. तिला फक्त विचारलेलं हवं होतं. त्याला हे खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि तो वाईट माणूस नाही. मी मधे चहा केला, एवढंच माझं काम.

आता तुझ्याकडे येतो, आणि हे जरा जड जाईल.

ती इथं नाही. तिच्या मनात काय आहे हे तू त्या बाईंना विचारलंस, आता मला विचारतोयस. तिला सोडून बाकी सगळ्यांना. आपण सीमाभागातली माणसं, गा. १९५६ साली आपली गावं कुठल्या राज्यात जायची ते कुठंतरी लांब ठरलं, आणि ‘आम्हाला न विचारता ठरवलं’ ही एकच सल तुझ्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी आयुष्यभर उराशी धरली. तुझ्या वखारीत आजही दर नोव्हेंबरला हा विषय निघतो. न विचारता ठरवलं गेल्यावर माणसाला किती लागतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? मग तिचं मन तिच्या माघारी, तिच्या तोंडचा एक शब्दही न ऐकता, पत्त्यांवर कसं ठरवायचं? उद्या तिला कळलं की तू परक्या बाईकडे पैसे भरून तिच्या मनाची चौकशी केलीस, तर तिला काय वाटेल याचा विचार कर.

माझ्या आजोळी, खानापूरकडे, देवीला कौल लावतात ते तू बघितलंयस. पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. पण तिथं गाऱ्हाणं मोठ्यानं घातलं जातं, ज्याचं गाऱ्हाणं तो स्वतः हात जोडून उभा असतो, आणि चार माणसं ऐकत असतात. त्यातला मोठ्यानं बोलण्याचा भाग मला पटतो. रात्री दोन वाजता पांघरुणात फोन धरून ‘एक, दोन, तीन, यातला ढीग निवडा’ असल्या व्हिडिओत तिचं मन शोधण्यात तो भाग कुठंच नाही.

तेव्हा पानं लावायचीच असली तर स्वतःसाठी लाव. जोड तुझ्याकडे पोस्टानं पाठवतोय. कसं करायचं ते सांगतो. दिवसा कर, रात्री नको. पानं नीट पिस. तीन ओढ. पहिलं तुझं. दुसरं तुमच्या दोघांमधल्या गोष्टीचं. तिसरं तिचं, आणि तिचं पान पालथं ठेव. ते तू उलटायचं नाही. एखाद्या पाकिटात घाल आणि जपून ठेव.

पहिल्या दोन पानांसाठी पुस्तक उघडू नकोस. चित्रात कोण काय करतंय ते आधी वहीत लिही, मराठीत, जसं दिसतंय तसं. मग त्यातला तू कोण, ते लिही. प्रश्नही बदल. ‘ती माझ्यावर प्रेम करते का’ याचं उत्तर छापील चित्राकडे असूच शकत नाही. ‘मी तिला कुठली गोष्ट विचारायला घाबरतोय’ याचं उत्तर तुझ्याकडे आहे, चित्र फक्त ते वर काढेल. आणि एकदा ओढलेली पानं तीच. आवडलं नाही म्हणून परत पिसायची नाहीत. हवं ते निघेपर्यंत ओढत बसणाऱ्याला शेवटी हवं तेच मिळतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

काही पानांना घाबरू नकोस म्हणून आधीच सांगतो. तेरावं पान मृत्यूचं, चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर. नीट बघ, मागे दोन बुरुजांमधे सूर्य आहे. एखादी गोष्ट संपून दुसरी सुरू होणं असाच त्याचा अर्थ बहुतेक लोक लावतात. पंधरावं सैतानाचं, एक जोडपं साखळीनं बांधलेलं. त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या बघ, इतक्या सैल आहेत की हातानं काढता येतील. तुझ्या आईचं ‘लोक काय म्हणतील’ आणि तिच्या वडिलांचं ‘आपल्यातला नाही’, या दोन साखळ्या किती घट्ट आहेत हे तुम्ही दोघांनी एकदा हात लावून बघितलेलं नाही. आणि ‘प्रेमी’ निघालं तर हुरळून जाऊ नकोस. पामेलाबाईंच्या चित्रात एक पुरुष, एक स्त्री आणि वर देवदूत आहे. पण त्याहून जुन्या, मार्से नावाच्या फ्रेंच जोडातल्या पानात एक तरुण दोन स्त्रियांच्या मधे उभा असतो आणि वर मदन बाण रोखून असतो. ते पान निवड करण्याचं होतं. मला ते जुनं जास्त खरं वाटतं. तुझ्यापुढेही निवडच आहे. घरी तिचं नाव काढायचं की अजून एक वर्ष ‘बघू’ म्हणत काढायचं. ती गप्प झालीय ती यामुळं की दुसऱ्या कशामुळं, मला माहीत नाही. तुलाही नाही. तिला आहे.

तुझ्या घरी पत्रिकेचा विषय निघेल, ३६ पैकी किती गुण वगैरे. तो वेगळा झगडा आहे, त्यात टॅरो घुसवू नकोस. काकूंशी मी बोलेन. मी त्यांच्या हातचं जेवून वाढलोय, माझं ऐकतील.

बसनं चिकोडी काय लांब आहे? तिच्या बँकेची सुटी बघ आणि जा. फोनवर नको, समोरासमोर बस. ते पाकीट बरोबर ने. टॅरो म्हणजे काय हे तिला आधी सरळ सांग, आणि त्या ऑनलाइन बाईंचंही सांग, लपवू नकोस. मग पाकीट तिच्या हातात दे. उघडायचं की नाही ते ती ठरवेल. उघडलं तर तिला काय दिसतंय ते विचार, आणि ती सांगत असताना मधे बोलू नकोस. तुला ती सवय आहे. तिला कन्नडमध्येच बोलू दे, तुला सगळं कळतं, उगाच ‘मराठीत सांग’ म्हणू नकोस. नाही उघडलं तरी हरकत नाही, तू विचारायला आलास एवढं तिला दिसेल. ती जे सांगेल ते कदाचित तुला नको असलेलं असेल. तेही तिच्या तोंडून ऐक. माझ्याकडनं किंवा पत्त्यांकडनं ऐकण्यापेक्षा ते बरं.

झालं की बेळगावला ये, काहीही झालेलं असू दे. दोघं येणार असाल तर आधी कळव. आई म्हणतेय, कुंदा ताजा आणून ठेवते. एकटा येणार असशील तर न कळवता ये. माझी पाळी या आठवड्यात सकाळची आहे, दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझाच,
शहापूरचा मित्र