विमा रद्द करताना कापली जाणारी खरी रक्कम

महोदय,

वाहनविमा मुदतीआधी रद्द केल्यावर कंपनी ‘रद्दीकरण शुल्क’ म्हणून एक ठरावीक रक्कम कापते. तक्रारी बहुधा तिच्याबद्दलच होतात. प्रत्यक्षात ग्राहकाचे मोठे नुकसान होते ते परताव्याच्या हिशेबात.

हा हिशेब दोन प्रकारे होतो. पहिला दिवसांच्या प्रमाणात: 95 दिवस विमा वापरला, तर 365 पैकी उरलेल्या 270 दिवसांचा, म्हणजे सुमारे 74 टक्के प्रीमियम परत. दुसरा अल्पमुदतीच्या तक्त्याने. अशा एका तक्त्यात पहिल्या महिन्यापर्यंत 20 टक्के प्रीमियम कंपनीचा, पुढच्या प्रत्येक महिन्याला आणखी 10 टक्के, आणि आठ महिने उलटले की परतावा शून्य. याच 95 दिवसांना हातात पडतात 50 टक्केच. तिसरा महिना संपण्याआधी अर्ज पोहोचला असता, तर 60 टक्के मिळाले असते. या तक्त्यात सुरू झालेला महिना पूर्ण धरतात, म्हणून अर्ज महिना पालटण्याआधी द्यावा आणि पोच घ्यावी.

कंपन्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. कमिशन, वाहनतपासणी, कागदपत्रे हा खर्च सुरुवातीलाच होतो, आणि फक्त जोखमीच्या महिन्यांपुरता विमा घेणाऱ्यांना आळा घालावा लागतो. पण हा खर्च तक्त्यातून वसूल केल्यावर वर वेगळे शुल्क लावणे म्हणजे एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेणे आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मासिक हप्ते भरणाऱ्यांची गफलत वेगळी होते. बारापैकी चार हप्ते भरले, तर 33 टक्के प्रीमियम जमा झाला. चौथ्या महिन्यात रद्द केले तर तक्ता 50 टक्के मागतो. म्हणजे परतावा दूरच, उलट 17 टक्के देणे निघते. बँकेला सांगून हप्ता थांबवला म्हणजे विमा रद्द झाला, असेही नाही. थकबाकीमुळे कंपनीने पॉलिसी बंद केली तर पुढच्या विम्याच्या अर्जात ते सांगावे लागू शकते आणि प्रीमियम वाढू शकतो.

मुदतीत दावा घेतला असेल तर, तो लहान असला तरी, बहुतेक पॉलिसींत परतावा मिळत नाही. दहाव्या-अकराव्या महिन्यात रद्द करणाऱ्यांनी दावामुक्त वर्षाची सवलतही, म्हणजे वर्षभर दावा न केल्यास पुढच्या प्रीमियमवर मिळणारी सूटही, मोजावी. वर्ष पूर्ण झाले नाही तर ते सवलतीत धरत नाहीत, आणि हे नुकसान अनेकदा शुल्कापेक्षा मोठे असते.

वाहन बदलले असेल, तर आधी त्याच पॉलिसीत नवे वाहन नोंदवता येते का ते विचारावे. बरेचदा फक्त प्रीमियममधला फरक आणि पॉलिसीतली नोंद बदलण्याचे किरकोळ शुल्क पडते. कंपनीच बदलायची असेल, तर नवा विमा ज्या क्षणी सुरू होईल त्याच क्षणापासून जुना रद्द करावा. मधला एक दिवसही विम्याविना गाडी रस्त्यावर नेऊ नये. कर्जावरच्या वाहनासाठी कर्जदात्याची संमती लागते का, हे करारात पाहावे. अर्ज करण्याआधी परताव्याचा आकडा लेखी मागावा. कोणती पद्धत, कोणती तारीख, किती शुल्क, करापैकी किती परत, हे त्यात स्पष्ट हवे.

नियामकांनी कंपन्यांवर एक साधे बंधन घालावे: पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात रद्द केल्यास नेमके किती पैसे परत मिळतील ते टक्क्यांत नव्हे, रकमेत छापावे.

— विमा क्षेत्रातील एक वाचक