कामवाटप पुरेसे नाही, खातेवाटप हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आई-वडील दोघेही नोकरी करतात अशा घरांतल्या कामाच्या वाटणीविषयी लिहिताना बहुधा कोण किती कामे करतो, एवढाच हिशेब मांडला जातो. तो आवश्यकच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी घरकाम आणि देखभाल यांवर स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे, तर पुरुष १ तास २३ मिनिटे खर्च करतात. मात्र ही तफावत मिटवू पाहणाऱ्या घरांतही वाटणी बिनसते, कारण तासांच्या हिशेबात न मावणारी दोन ओझी तशीच एकाकडे राहतात.

मुलाच्या लसीची तारीख जवळ आल्याचे ध्यानात ठेवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, त्या दिवशी रजा कोण काढणार हे ठरवणे, जुन्या नोंदींची फाइल शोधून ठेवणे, एवढे सगळे एकाने केल्यावर दुसरा मुलाला फक्त दवाखान्यात नेऊन आणतो आणि यादीत ते काम त्याच्या नावावर जमा होते. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मानसिक श्रमाचे चार टप्पे सांगितले आहेत : गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि पाठपुरावा करणे. त्यांना असे आढळले की निर्णय दोघे मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा प्रामुख्याने स्त्रियांकडेच राहतो. (निर्णयात सहभाग असला की आपण सगळेच केले असे वाटणे सोपे असते.)

दुसरे ओझे वेळेचे आहे. बिले भरणे, वाहन दुरुस्तीला टाकणे ही कामे सवडीने होतात. मुलांचे जेवण, त्यांना शाळेतून आणणे, झोपवणे यांना सवड नसते. ज्याच्याकडे टाळता येणारी कामे आहेत तो कार्यालयात उशिरापर्यंत थांबू शकतो, दुसऱ्याला घड्याळाकडे पाहत निघावे लागते. केव्हाही उपलब्ध असणाऱ्याला नोकरीत अधिक मोबदला मिळतो आणि मुले असलेल्या जोडप्यात घरासाठी उपलब्ध राहणारी व्यक्ती मागे पडते, हे २०२३ च्या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी सविस्तर मांडले आहे.

म्हणून सुटी कामे वाटण्याऐवजी मंत्रिमंडळात असते तसे खातेवाटप करावे, असे मला वाटते. मुलांचे आरोग्य हे खाते ज्याच्याकडे, त्याने तारखेच्या आठवणीपासून औषध संपत आल्याच्या नोंदीपर्यंत सारे पाहायचे, आणि टळू न शकणाऱ्या कामांची खाती दोघांकडेही असायची. यात दुसऱ्याचीही कसोटी आहेच. औषध आणि सुरक्षितता यांत तडजोड नसावी हे खरे, पण आपल्या पद्धतीची नाही म्हणून कपड्यांची घडी मोडून पुन्हा घालणाऱ्याने खाते दिलेलेच नसते.

हे सारे घरातल्या घरात जमण्यासारखे मात्र नाही. स्वीडनने १९७४ मध्येच वडिलांना पगारी पालकत्व रजेचा हक्क दिला, तरी ती रजा एकमेकांना देता येत असल्याने बहुतांशी आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले आणि न घेतल्यास ते बुडतील असा नियम केला, तेव्हा काही वर्षांतच बहुसंख्य वडील रजा घेऊ लागले. मालकवर्गाने यातून बोध घ्यावा आणि मुलाच्या आजारपणासाठी रजा मागणाऱ्या वडिलांना ‘घरी दुसरे कोणी नाही का?’ असे विचारणे थांबवावे. शाळांनीही नोंदवहीत आईचा क्रमांक आपोआप पहिला न लिहिता, पहिला फोन कोणाला करायचा हे पालकांना विचारून घ्यावे.

आपला,
एक नोकरदार पालक