वक्तृत्वाला नावे ठेवणारा वक्ता

मा. संपादक,
स. न.

सत्य आणि राजकारणाचा विषय निघाला की तत्त्वज्ञानाचे अभ्यासक प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादाचा दाखला देतात. त्यातले म्हणणे असे: वक्तृत्व म्हणजे खुशामत. न्यायनिवाड्याला लहान पोरे बसली तर गोडधोड देणारा आचारी जिंकणार आणि कडू औषध देणारा वैद्य हरणार. मला हा दाखला अपुरा वाटतो.

ज्याच्या नावाने हा संवाद आहे तो वक्तृत्वाचा शिक्षक गॉर्जियस, सिसिलीतल्या लिओन्टिनी शहराचा दूत म्हणून अथेन्सला आला तो इ.स.पू. ४२७ मध्ये. त्याच वर्षी अथेन्सच्या नागरिकसभेने अथेन्सविरुद्ध उठलेल्या मिटिलिनी शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारायचा आणि बायकामुलांना गुलाम करायचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाज सुटलेही. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनाला ते लागून राहिले, म्हणून पुन्हा सभा भरली. इतिहासकार थ्युसिडिडीसने त्या सभेतली दोन भाषणे दिली आहेत. त्यांत वक्तृत्वावर तुटून पडतो तो क्लिऑन, म्हणजे कत्तलीच्या बाजूचा माणूस! तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झालात, हुशारांपेक्षा साधी माणसे राज्य बरे चालवतात, असे तो सभेला सुनावतो, आणि तेही अगदी मुरलेल्या वक्त्याच्या थाटात.

डायोडोटस त्याला उत्तर देतो, पण दयेची भीक मागत नाही. शरण येऊनही मरणच असेल तर पुढचे बंडखोर शेवटपर्यंत लढतील, असा निव्वळ अथेन्सच्या फायद्याचा हिशेब तो मांडतो. मात्र त्याआधी एक कबुली देतो: या सभेत चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास बसावा म्हणून खोटे बोलावे लागते. प्लेटो वक्त्यांना झोडपतो. इथे जाब ऐकणाऱ्यांना विचारला आहे. मला हे जास्त बोचते.

हात वर करून मते पडली. डायोडोटस थोडक्यात जिंकला. पहिला हुकूम रद्द झाल्याचे कळवायला दुसरे जहाज सुटले. त्यावरच्या लोकांनी वल्ही मारता मारताच वाइन आणि तेलात मळलेले जवाचे पीठ खाल्ले, झोपही पाळीपाळीने घेतली. ते पोहोचले तेव्हा सेनापतीने पहिला हुकूम नुकताच वाचला होता. शहर वाचले. तरी बंडाचे सूत्रधार म्हणून हजारावर माणसे क्लिऑनच्याच सूचनेवरून मारली गेली.

सत्य आणि न्याय मुळातच बलवान आहेत, ते हरले तर दोष त्यांची बाजू मांडणाऱ्यांचा, असे पुढे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले. खुद्द प्लेटोनेही ‘फीड्रस’ या संवादात सत्य जाणणाऱ्या वक्तृत्वाला जागा दिली. वर्गात मात्र बहुतेक वेळा आचारी आणि वैद्यच तेवढे लक्षात राहतात.

म्हणून प्राध्यापकांना विनंती, की ‘गॉर्जियस’ शिकवताना क्लिऑन आणि डायोडोटसची भाषणे सोबत वाचून घ्यावीत. दोन्ही मिळून एका तासात सहज होतात.

– एक वाचक, सातारा