बोअरचे पाणी आधी वेगळे करा, मग सॉफ्टनर घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: पूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर घेण्याच्या ठरावाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

पूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर, म्हणजे मीठ वापरून पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र, घेण्याचा ठराव येत्या सभेपुढे आहे. पाणी मऊ व्हायला हवे याबद्दल दुमत नाही. पण महापालिकेचे चांगले पाणी आणि बोअरचे जड पाणी आपण खालच्या टाकीत स्वतःच एकत्र करतो आणि मग त्या मिश्रणावर उपाय शोधतो. हा क्रम उलटा केला, तर निम्म्याहून लहान यंत्रात काम भागेल.

थेंबांच्या किटने केलेली मोजणी सोबत देत आहे. पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे, इतकी ती सोपी आहे. महापालिकेच्या इनलेटला हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) ६०, बोअरला ६०० आणि स्वयंपाकघराच्या नळाला ३५० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. म्हणजे नळाला येणाऱ्या पाण्यात निम्म्याहून थोडे जास्त पाणी बोअरचे आहे. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार २०० पर्यंतचे पाणी स्वीकारार्ह आहे. ६०० ची सवलत फक्त दुसरा स्रोत नसेल तेव्हाची आहे, आणि आपल्याकडे दुसरा स्रोत आहे.

दोन पाण्यांत दहापट फरक पडतो तो खडकामुळे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये साठते ते सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी. त्याचा खडकाशी फार काळ संबंध येत नाही. बोअरचे पाणी मात्र मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसॉल्टच्या भेगांत मुरते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत साठत राहते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की क्षार आणखी वाढू शकतात, म्हणून एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात अशी दोनदा तपासणी हवी.

आता हिशोब पाहू. आपला रोजचा वापर सुमारे ४४,००० लिटर आहे. त्यात महापालिकेचे २०,००० आणि बोअरचे २४,०००. फ्लश, बाग आणि पार्किंग धुणे यांना १५,००० लिटर लागते. फ्लशची उभी लाइन आणि गच्चीवरची टाकी आपल्याकडे बिल्डरनेच वेगळी दिली आहे. फक्त दोन्ही टाक्यांना पाणी एकाच खालच्या टाकीतून चढते. बोअरचा पंप थेट फ्लशच्या टाकीला जोडला, तर घरगुती वापरात बोअरचे फक्त ९,००० लिटर उरते. ते महापालिकेच्या २०,००० लिटरमध्ये मिसळले तरी नळाचा हार्डनेस ३५० वरून २३० च्या खाली येतो. एक किलोही मीठ न वापरता.

उरलेल्या ९,००० पैकी ६,००० लिटर सॉफ्टनरमधून नेले आणि ३,००० बायपासने सोडले, तर नळाला १०० च्या आसपास पाणी मिळेल. त्याहून मऊ करू नये. अगदी मऊ पाण्यात अंगावरचा साबण निघता निघत नाही आणि धुण्याला पाणी जास्त जाते.

या कामासाठी रोज ३.६ किलो हार्डनेस काढावा लागेल. सॉफ्टनरमधले एक लिटर रेझिन, म्हणजे हार्डनेस धरून ठेवणारे बारीक मणी, साधारण ५० ग्रॅम धरून ठेवते. म्हणजे १५० लिटर रेझिन दोन दिवस पुरेल. भरलेले रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावणे म्हणजे रिजनरेशन. एका रिजनरेशनला दर लिटर रेझिनमागे १५० ग्रॅम, म्हणजे साडेबावीस किलो मीठ लागेल. महिन्याला सुमारे ३४० किलो. ठरावाप्रमाणे सगळे ४४,००० लिटर पाणी १०० वर आणायचे म्हटले, तर हेच मीठ महिन्याला एक टनापर्यंत जाते, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग फ्लश, बाग आणि पार्किंगचे पाणी मऊ करण्यात खर्च होतो.

विक्रेते टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून दाखवतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे आत आणि बाहेर टीडीएस जवळजवळ तोच राहतो. यंत्र चालते की नाही हे हार्डनेसच्या किटनेच कळते. वॉचमनने रोज सकाळी एकदा आउटलेटचे पाणी तपासून वहीत आकडा लिहावा. आकडा चढायला लागला की रेझिन भरले किंवा मीठ संपले असे समजावे. चुंबकीय कंडिशनरचेही एक कोटेशन आले आहे. त्यातून गेलेल्या पाण्याचा हार्डनेस थेंबांच्या मोजणीत तेवढाच निघतो. त्यावर सोसायटीचा पैसा घालू नये, असे स्पष्ट मत आहे.

जोडणी करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे कमोडशेजारचा जेट स्प्रे. तो पुष्कळदा फ्लशच्या लाइनवरून घेतलेला असतो. प्रत्येक घरात अँगल कॉक उघडून तो घरगुती लाइनवर आहे का ते प्लंबरने पाहायलाच हवे. दुसरी, बोअर आणि महापालिकेची लाइन कुठेही थेट जोडलेली नसावी. नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, इनलेटचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वरच हवे. तिसरी, रिजनरेशनचे खारे पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात किंवा बागेच्या चरात अजिबात सोडू नये. आपल्याच बोअरमध्ये ते परत येईल. ते ड्रेनेजमध्येच जायला हवे. सॉफ्टनरच्या आधी सँड फिल्टर आणि बोअरच्या पाण्यात लोहाची तपासणीही हवी, कारण लोहाने रेझिन निकामी होते.

सॉफ्टनर जंतू मारत नाही. बोअरच्या पाण्याला क्लोरिनचा डोस लागेलच, तोही पाणी सॉफ्टनरमधून बाहेर पडल्यानंतर, कारण क्लोरिन रेझिन खातो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसला पाहिजे. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर निघाले तर ते साध्या सॉफ्टनरने जात नाही आणि पाणी उकळून तर उलट वाढते. अशा वेळी पिण्यासाठी बोअरचे पाणी नकोच. मऊ केलेल्या बोअरच्या पाण्यातून मिश्रणात लिटरमागे साधारण ५७ मिलिग्रॅम सोडियम जास्तीचे येईल. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले आहे, त्यांनी पिण्याला आरओचे पाणी वापरावे.

एक तोटाही सांगायला हवा. फ्लशला निव्वळ बोअरचे पाणी गेले की कमोडवर पांढरे कडे लवकर धरेल आणि टाकीतले वॉशर लवकर खराब होतील. पण वॉशर गीझरच्या कॉइलपेक्षा स्वस्त आहे. गीझरमध्ये पाणी तापले की बायकार्बोनेट मोडून चुन्याचा थर कॉइलवर बसतो. थराखाली कॉइल जास्त तापते आणि जळते. काम होईपर्यंत थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवावा, म्हणजे थर हळू धरेल. किटलीसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून उकळावे आणि वीस मिनिटे ठेवून ओतून द्यावे. तुरीची डाळ शिजत नाही ती कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवते म्हणून. ती आरओच्या पाण्यात भिजवून त्यातच शिजवावी. बाथरूमच्या फरशीवर काहीजण ॲसिड ओततात आणि लगेच ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ही सूचना नोटीस बोर्डावर आजच लावावी.

समितीला विनंती अशी की, सॉफ्टनरचा ॲडव्हान्स तूर्त थांबवावा. इनलेट, बोअर, टँकर (येत असेल तेव्हा) आणि नळ अशा चार जागांचे नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावेत. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन चालतो. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. टँकर कुठे भरतो हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. त्यानंतर बोअरची लाइन फ्लशला जोडावी, पंधरा दिवसांनी नळाचा हार्डनेस पुन्हा मोजावा आणि त्या आकड्यावर नवी कोटेशने मागवावीत.

कळावे,
आपल्या सोसायटीतील एक सभासद
बी विंग