गेमनिर्मितीचे शिक्षण बेळगावात हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला. तेव्हापासून सीमाभागातील या विषयावरची चर्चा पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपपाशीच थांबते. त्या अ‍ॅपवर बंदी आली हे उत्तम झाले. परंतु याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना (म्हणजे गेमच्या स्पर्धांना) आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. गेम बनवणे हा चित्रकार, लेखक, संगीतकार आणि संगणक अभियंते यांनी मिळून करायचा व्यवसाय आहे, याकडे आपले पालक आणि शिक्षक (आणि क्षमा असावी, वृत्तपत्रेही) फारसे लक्ष देत नाहीत.

या व्यवसायाची आपल्या देशातील वाटचाल पाहण्यासारखी आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बेंगळूरला ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ सुरू केली, परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी गाड्या, इमारती, पात्रे घडवून देण्यात तिने नाव कमावले आणि २०१९ मध्ये ती ‘रॉकस्टार गेम्स’ या परदेशी गेम कंपनीने विकत घेतली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको: ड्रॉइंग दुसऱ्याचे, विक्री दुसऱ्याच्या नावाने, आपल्या वाट्याला जॉबवर्कचा दर. जॉबवर्क कमी प्रतीचे असते असे मी म्हणत नाही, त्यातूनच हात तयार होतो. मात्र अख्खा गेम उभा करण्याचा सराव त्यातून होत नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या एका जुन्या गेमची नवी आवृत्ती करण्याचे काम ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवले होते. २०२० मध्ये तिची पहिली झलक आली, तिच्या चित्रणावर जगभर टीका झाली आणि २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. त्याची कारणे अनेक असतील, पण या सरावाची उणीव त्यांतले एक असावे असे मला वाटते.

याउलट पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा कंपनीचे उदाहरण घ्यावे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी ‘राजी’ या गेमसाठी लोकांकडून निधी मागितला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे ‘एपिक’ कंपनीचे अनुदान मिळाले आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला. राजस्थानचे किल्ले, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती आणि छायाबाहुल्यांची कथनपद्धती घेऊन रचलेल्या या गेमला त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळाले.

असे काम करणारे हात बेळगावात नाहीत काय? चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार येथेच घडले. शिवजयंतीचे चित्ररथ उभारणारी मंडळे आणि गणपतीच्या मूर्ती घडवणारी घराणी आजही गल्लोगल्ली आहेत. हलशीची कदंबकालीन देवळे आणि राजहंसगड तर हाकेच्या अंतरावर आहेत. कर्नाटकाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण २०१२ मध्येच आणले, सध्या २०२४ ते २०२९ या काळासाठीचे धोरण लागू आहे, आणि तरीही त्यातील उत्कृष्टता केंद्र बेंगळूरच्या महादेवपुऱ्यात आहे. खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातल्या चांगले चित्र काढणाऱ्या मुलाने तेथवर कसे पोहोचायचे? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात असताना, त्या विद्यापीठाने येथील चित्रकला महाविद्यालयांना बरोबर घेऊन अभ्यासक्रम सुरू करणे अवघड नाही. तो कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून समजावून दिला जावा. सुटे भाग रंगवण्याबरोबरच प्रत्येक गटाला एक छोटा पण संपूर्ण गेम पुरा करायला लावावा, हा माझा विशेष आग्रह आहे.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातील आमदारांनी, पक्ष कोणताही असो, या अभ्यासक्रमाची मागणी आणि त्यासाठी लागणारा निधी यांचा प्रश्न मांडावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपला नम्र,
एक वाचक, बेळगाव