नेटवर्क सेटिंगचे अधिकार न कळवता काढून घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आमच्या कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची देखभाल आपल्या कंपनीकडे आहे. आमचे चार अभियंते ग्राहकांच्या कारखान्यात जाऊन यंत्रे बसवतात. यंत्राचा कंट्रोलर लॅपटॉपवर दिसायचा, तर लॅन पोर्टला त्याच मालिकेतला आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखणारा क्रमांक) हाताने द्यावा लागतो. तिथे पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर नसतो. लॅपटॉप तसाच जोडला, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो आणि यंत्र काही सापडत नाही.

साध्या युजरला विंडोज आयपी बदलू देत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच हे चौघे 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' या गटात होते. अ‍ॅडमिन न करता एवढेच काम करू देणारा हा गट विंडोजमध्ये तयारच असतो. गेल्या महिन्यात आपल्या लोकांनी ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या संगणकांना एका जागेवरून लागू होणारे नियम, बदलली आणि गट रिकामा झाला. आम्हाला ना मेल, ना फोन. कळले ते थेट साइटवर, ग्राहक शेजारी उभा असताना.

हेल्पडेस्कने फोन लगेच उचलला, हे मान्य करतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपमध्ये शिरून त्यांनी अभियंत्याचे नाव गटात घातले, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला लावले, काम सुरू झाले. संध्याकाळी अहवालासाठी त्याने ऑफिसचा व्हीपीएन जोडला, म्हणजे लॅपटॉप इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कवर आणि पॉलिसीच्या कक्षेत आला, आणि सकाळी नाव पुन्हा गायब. असे तीनदा झाले आणि तिन्ही तिकिटांवर शेरा एकच: 'समस्या सोडवली'. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पॉलिसीतल्या 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स'मध्ये, म्हणजे गटात कोण असावे हे ठरवणाऱ्या भागात, सदस्यांची यादी रिकामी असेल, तर हाताने घातलेले नाव पॉलिसी पुन्हा लागू होताच पुसले जाते. आणि सुरक्षा सेटिंग, मूळ पॉलिसीत काहीही बदल नसला तरी, सहसा १६ तासांनी पुन्हा लागू होतात. हे मला वाचून कळले. आपल्या तंत्रज्ञांना ते आधीच माहीत असायला हवे होते.

चौथ्या वेळी मात्र कहर झाला. वैतागलेल्या तंत्रज्ञाने फोनवरच लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड सांगून टाकला. आयपीचे चार आकडे बदलायला अख्ख्या लॅपटॉपची किल्ली! पुढे आम्ही पडताळून पाहिले, तर तोच पासवर्ड आमच्या सगळ्या लॅपटॉपवर चालतो. सुरक्षेसाठी अधिकार काढले म्हणता, मग ही कुठली सुरक्षा?

अधिकार आवळायला आमची हरकत नाही. पण चौघांची नावे हाताने न घालता पॉलिसीच्या यादीतच घाला, आणि तीही फक्त त्यांच्या लॅपटॉपपुरती. फुटलेला पासवर्ड आजच बदला. प्रत्येक लॅपटॉपला वेगळा द्या. यापुढे पॉलिसीतला कोणताही बदल निदान दोन कामाचे दिवस आधी लेखी कळवा. त्या चार दिवसांचे देखभाल शुल्क पुढच्या बिलातून वजा व्हावे, तिकिटांचे क्रमांक सोबत जोडले आहेत.

उत्तर लेखी हवे, हेल्पडेस्कच्या फोनवर नको.

कळावे,
कार्यालय व्यवस्थापक