लॉटरी नाही लागली, बाबा

मेडस्टोन, केंट, इंग्लंड

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी मजेत आहे, हे आधी. वजन उतरलेलं नाही. व्हिडिओवर तोंड बारीक दिसतं ते कॅमेऱ्यामुळे. थंडी अजून सुरू व्हायची आहे, आणि स्वेटर कपाटात वरच हाताशी आहे.

पत्र मुद्दाम लिहितेय, कारण फोनवर सांगितलं की आई पूर्ण ऐकते, बाबा अर्धं ऐकतात आणि मामा उरलेलं पदरचं घालून गावभर करतात. परवा मामीचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "काय गं, घबाड मिळालं म्हणे तुला!" मागोमाग धाकट्याच्या कॉलेजच्या फीचा विषय. मी फोनवर "विंडफॉल" म्हणाले होते, "लॉटरी" नव्हे. माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मुलींच्या तोंडी तो शब्द सारखा असतो, म्हणून माझ्याही तोंडी आला.

आता तो काय प्रकार आहे ते नीट वाचा. आमच्या रस्त्यावर सप्टेंबर लागला की घराघरांच्या फाटकाशी सफरचंदांची खोकी दिसू लागतात. वर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर "विंडफॉल्स, हवी तेवढी न्या". राखायला कुणी नाही, पैशाचा डबा नाही. सुरुवातीला मला वाटलं, खराब माल असेल, नाहीतर कुणीतरी खिडकीतून बघत असेल. कुणी बघत नाही. ही वाऱ्याने खाली पडलेली फळं. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात कैऱ्यांचा सडा पडतो, तसंच. फक्त इथे पोरं दगड मारायला येत नाहीत. पडलेल्या फळाला मार बसतो, आणि मार बसलेलं सफरचंद टिकत नाही. हाताने तोडलेलं, डाग नसलेलं फळ कागदात गुंडाळून गार खोलीत ठेवलं तर महिनोन्‌महिने राहतं. त्यात एक जरी पडीचं मिसळलं तरी शेजारच्यांना कुजवतं. म्हणून ती चार दिवसांत शिजवायची, नाहीतर वाटून टाकायची. झाडाखाली ठेवली तर गांधीलमाशा येतात.

आमच्या घरमालकीणबाईंचं झाड ब्रॅमली जातीचं. ते नुसतं खाल्लं तर दात आंबतात, पण साखर घालून शिजवलं की विरघळून लगदा होतो. मूळ झाड 1809 साली नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात एका मुलीने बी लावून उगवलं, असं बाई मला दर खोक्यामागे एकदा सांगतात. गंमत म्हणजे शेजाऱ्याच्या फांदीवरून आपल्या अंगणात पडलेलं सफरचंदही कायद्याने शेजाऱ्याचंच. इतकी उदार माणसं, आणि कायदा हा असा! बाई तरीही भिंतीपलीकडे विचारून येतात, आणि शेजारी दर वेळी तितक्याच गांभीर्याने "घ्या की" म्हणतात. हा सोहळा मला अजून कळलेला नाही.

तर त्या पडलेल्या फळांचंच नाव इथे अवचित आलेल्या पैशाला आहे. आत्याच्या मृत्युपत्रात नाव निघालं, विंडफॉल. बाईंकडे सरकारी प्रीमियम बाँड आहेत. ही योजना 1956 सालची. त्यांवर व्याज मिळत नाही, दर महिन्याला सोडत निघते आणि बक्षिसावर कर नसतो. त्यात पंचवीस पौंड लागले तरी बाई विंडफॉल म्हणून केक आणतात. 1997 साली हॅलिफॅक्स ही घरकर्जं देणारी सोसायटी बँक झाली, तेव्हा सभासदांना फुकट शेअर मिळाले. त्या विंडफॉलमधून बाईंनी स्वयंपाकघर नवं करून घेतलं. पगाराला मात्र हा शब्द कुणी लावत नाही. मी सुट्टीच्या दिवशी जादा ड्यूटी करते, तिला इथे बँक शिफ्ट म्हणतात, तिच्या पैशालाही नाही. तो पाय दुखवून मिळवलेला पैसा.

बाबा, तुमच्या मेसेजमधल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला विंडफॉल टॅक्स लागणार नाही. तुम्ही पेपरात वाचलात तो तेलकंपन्यांवरचा. युक्रेनच्या युद्धाने तेल महागलं, कंपन्यांना काही न करता जादा नफा झाला, म्हणून 2022 साली इथल्या सरकारने तो बसवला आणि त्याच वर्षी जुलैत आपल्याही. आपल्याकडचा डिसेंबर 2024 मध्ये उठला. इथे तर 1997 सालीही खासगी झालेल्या वीज-पाणी कंपन्यांकडून एकदा असा कर वसूल केला होता. तुमची मुलगी तेलकंपनी नाही.

माझे पैसे म्हणजे माझाच जास्त कापला गेलेला कर. इथे वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत कर नाही आणि वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं. मी आले ऑक्टोबरात, मला तात्पुरता टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा) लागला, आणि आधीच्या सहा महिन्यांची सूट हिशोबात धरलीच गेली नाही. ती आता परत आली, साडेबाराशे पौंडांच्या आसपास. म्हणजे दीड लाखाच्या जरा आत. एकदाच. पुढच्या वर्षी येणार नाही, हे मामांना सांगा. जमलं तर दोनदा सांगा.

त्यातले एक लाख बाबांच्या खात्यावर पाठवलेत. ते पतसंस्थेच्या कर्जातच भरा आणि पावती व्हॉट्सॲपवर टाका. जामीनदार म्हणून तुमची सही आहे, ती मला झोपताना आठवते. व्याज कमी होईल. उरलेले दादाच्या लग्नासाठी आहेत, हॉलवाल्याला द्या. वहिनीच्या शालूचे मी वेगळे पाठवणार आहे, बँक शिफ्टमधून.

लग्नाला येत नाही म्हणून आई बोलत नाहीये, हे मला माहीत आहे. याच पैशात तिकीट बसलं असतं, हे मला कळत नाही असं समजू नका. मी दर काढून पाहिले होते. पण सुट्टीची यादी आधीच लागलीय आणि नव्या माणसाने लगेच अदलाबदल मागितलेली बरी दिसत नाही. हळदीच्या वेळी फोन स्टँडवर लावून ठेवायला दादाला सांगा. मी इथे हिरव्या बांगड्या भरून बसणार आहे.

नाशिकच्या स्थळाचं म्हणाल तर मी नाही म्हटलेलं नाही. फक्त मामांची बातमी पसरल्यावर स्थळाकडच्यांचा दुसऱ्यांदा फोन यावा, हे मला आवडलं नाही. पत्रिका जुळते तर मुलाला माझा नंबर द्या. रविवारी तुमच्याकडच्या रात्री नऊनंतर करू दे, तेव्हा माझी ड्यूटी नसते. पगाराचा आकडा त्यांना सांगू नका, आणि कर्जाचा जरूर सांगा.

तुमची,
मनू